बाकी

काराजाअहमदच्या कबरस्तानात सुरूची झाडं इतकी उंच आणि दाट आहेत की भर दुपारीही तिथे दिवेलागण झाल्यासारखी वाटते. इस्तंबूलच्या आशियाई काठावर, उस्कुदार भागात, हे कबरस्तान टेकडीभर पसरलंय. शहराचे रस्ते त्याला चिरून जातात. बसमधली माणसं खिडकीतून कबरी बघत कामावर जातात आणि कबरी बघतच घरी येतात.

पुढे मावशी, मधे तिची नात आणि मागे मी, अशी आमची वरात. मावशी म्हणजे मी आठ दिवस जिच्या घरी भाड्याने राहिले ती ऐंशीची बाई. तुर्कीत अनोळखी वयस्क बाईला 'तेयझे' म्हणतात आणि तेयझे म्हणजे आईची बहीण. आपल्यासारखंच त्यांच्यातही काका वेगळा, मामा वेगळा, मावशी वेगळी आणि आत्या वेगळी. हे कळल्यावर मी तिला सरळ मावशीच म्हणायला लागले. तिलाही तो शब्द आवडला. नात विद्यापीठात शिकणारी, इंग्रजी बरं बोलणारी, म्हणून दुभाषी.

मावशीला वडिलांकडच्या पणजोबांच्या कबरीवर पाणी घालायचं होतं. दगड सापडायला वेळ लागला, कारण तो तिने खुणेने लक्षात ठेवला होता: पाण्याच्या नळापासून तिसरी ओळ, शेजारी मोडका फेज, म्हणजे दगडात कोरलेली उभट टोपी. इथल्या जुन्या कबरींच्या दगडांना डोकी असतात. पुरुषांच्या दगडावर पगडी किंवा फेज, बायकांच्या दगडावर फुलं. पगडीच्या घाटावरून मेलेला माणूस मौलवी होता, दरबारी होता की दर्वेशी, ते सांगता येतं. 1826 मध्ये दुसऱ्या महमूद सुलतानाने जानिसारी, म्हणजे आपल्याच खड्या फौजेच्या, पलटणी कापून काढल्या, तेव्हा त्यांच्या कबरींवरच्या पगड्याही फोडल्या गेल्या. मेलेल्यांनाही नोकरीतून काढलं. तीनच वर्षांनी त्याच सुलतानाने अंमलदारांना पगडी उतरवून फेज घालायला लावला, तर ही काफिरांची टोपी म्हणून लोक कुरकुरले. शंभर वर्षांच्या आत, 1925 च्या नोव्हेंबरात, प्रजासत्ताकाने कायदा करून तोच फेज काढायला लावला, तेव्हा लोक धर्म बुडाला म्हणून रस्त्यावर आले आणि काहींना फाशी झाली. एवढ्याशा लाल डबीने दोन्ही बाजूंचा मार खाल्ला.

मावशीच्या पणजोबांचा दगड उभा होता. अक्षरं दगडातून वर आलेली, ओळी तिरक्या चढत गेलेल्या. मावशीने पाणी घातलं, हाताने शेवाळ पुसलं आणि ती नुसती बघत उभी राहिली. चित्राकडे बघतात तसं.

मी पुढे वाकले. हाताची लकब ओळखीची होती. उस्मानी (ऑटोमन) लोक ज्या वळणाला 'तालीक' म्हणतात, ते आपल्याकडे उर्दू ज्यात लिहितात त्या नस्तालिकचंच भावंड. मी बोट ठेवून वरचे दोन शब्द लावले आणि मोठ्याने म्हटलं, "हुवल् बाकी."

मावशीने झटकन वळून पाहिलं. "हुवेल् बाकी," ती म्हणाली. म्हणजे कायम उरणारा तोच, ईश्वर.

मग सुरू झालं. मी एकेक अक्षर जोडून काहीतरी उच्चारायची. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, कारण मला तुर्की येत नाही. मावशी ते ऐकायची, क्षणभर तोंडात घोळवायची आणि दुरुस्त करून परत म्हणायची, कारण तिला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं पण शब्द ठाऊक होते. मी म्हटलं "रूहनह फातिहा", ती म्हणाली "रूहुना फातिहा", म्हणजे ह्याच्या आत्म्यासाठी फातिहा म्हणा. मी वाचलं "मरहूम", ती म्हणाली "मेरहूम". शेवटी 'सने' आणि आकडे: 1321. सने म्हणजे आपलं सन. हिजरी 1321 म्हणजे 1903-04. पणजोबा नेमके कधी गेले हे त्या घरात तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

मावशीने तळवे वर करून फातिहा म्हटली. मग डोळे पुसत नातीला काहीतरी विचारलं. नात हसली. "ती विचारते, तुम्हाला हे कसं वाचता येतं? तुमचे आजोबा उस्मानी होते का?"

"नाही," मी म्हटलं, "उस्मानाबादचे होते."

---

हा विनोद त्यांना समजावून सांगायला अर्धा तास लागला. आमचा जिल्हा, हल्लीचा धाराशिव, ह्याला उस्मानाबाद नाव पडलं ते निजाम मीर उस्मान अली खानवरून. इस्तंबूलच्या उस्मानाशी त्याचा काही संबंध नाही. (थोडा आहे. त्याच्यावर येते.) आजोबा निजामाच्या राज्यात कळंबच्या तहसील कचेरीत पेशकार होते. मराठी घरातला माणूस, पण शाळा उर्दूत, नोकरी उर्दूत, सगळा कागद उर्दूत. 1948 च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हळूहळू कचेरीची भाषा मराठी झाली. ज्याच्या उर्दू अक्षराची तालुकाभर वाखाणणी व्हायची, तो माणूस ऐन पस्तिशीत मराठी टिपणी लिहायला बसला की पहिलीतल्या पोरासारखा दिसायचा. ऱ्हस्व-दीर्घ सुनेला, म्हणजे माझ्या आईला, विचारायचे. निवृत्तीपर्यंत विचारत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला पाटीवर अलिफ-बे शिकवलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाकीच्या नातवंडांनी दोन दिवसांत पळ काढला, मी टिकले, कारण शिकवणी झाली की खडीसाखर मिळायची. उर्दू भाषा अशी मला कधी आली नाही. अक्षरं मात्र राहिली. ह्या शिकवणीचा उपयोग चाळीस वर्षांनी एका तुर्की दगडापाशी होईल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला असता.

संध्याकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात तिच्या आईची गोष्ट निघाली, आणि दुपारपासून माझ्या मनात जे जमत होतं त्याला पहिला धक्का बसला.

मी मनात एक लेख रचत होते. 1928 च्या 9 ऑगस्टच्या रात्री तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल पाशांनी गुल्हाने बागेच्या टोकाला, सराईबुर्नूला, जमावासमोर अरबीऐवजी नवी रोमन अक्षरं जाहीर केली. मग फळा आणि खडू घेऊन ते गावोगाव फिरले. कायसेरीतला फळ्याशेजारचा त्यांचा फोटो तुर्कस्तानातल्या शाळा-कचेऱ्यांतून अजून दिसतो. 1 नोव्हेंबरला कायदा झाला. डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत, 1 जानेवारी 1929 पासून पुस्तकंही. तीन महिन्यांत एका देशाचं वाचणं बदललं. सल्लागारांनी काही वर्षांची मुदत मागितली होती, दोन्ही लिप्या शेजारी-शेजारी चालू द्या म्हणून. केमाल पाशांनी ते ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या बाबतीत त्यांचा हिशेब बरोबर होता. दोन्ही चालू ठेवल्या असत्या तर लोकांनी जुनंच वाचलं असतं. पण म्हणूनच, त्या डिसेंबरात एखादा म्हातारा सकाळी वर्तमानपत्र उघडतो आणि त्याला ते वाचता येत नाही, ही कल्पना माझ्या घशात अडकली होती. आजोबांच्या चेहऱ्यासकट.

मावशीने चहा ओतला आणि म्हणाली, "माझी आई त्या शाळेत गेली."

ती शाळा म्हणजे 'मिल्लेत मेक्तेबी', राष्ट्राची शाळा. 1929 च्या जानेवारीपासून देशभर उघडलेले प्रौढांचे वर्ग. सोळा ते पंचेचाळीस वयाच्या माणसांनी यायचंच. मावशीची आई तेव्हा सतरा वर्षांची होती. चार महिन्यांत ती सही करायला शिकली आणि त्या घरातली लिहिता येणारी पहिली बाई ठरली. "तिच्या आईला, तिच्या आजीला, कुणालाच जुनी अक्षरं येत नव्हती," मावशी म्हणाली. "मग आमच्या हातून गेलं काय?"

ह्याला उत्तर नाही. त्या काळी वाचता येणारा दहातला जेमतेम एक. 1927 च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या 1 कोटी 36 लाख होती, त्यातल्या सव्वा कोटी माणसांना जुनी लिपी गेली काय नि राहिली काय सारखंच. आणि तुर्की भाषेला ती लिपी नीट बसतही नव्हती. तुर्कीत आठ स्वर. अरबी लिपीत 'वाव' ह्या एका अक्षरावर चार स्वरांचा संसार. दुपारी मी 'रूहनह' वाचलं ते त्यामुळेच. मला शब्द माहीत नव्हता, आणि लिपी स्वर सांगत नव्हती. माहीत असलेल्यालाच वाचता यावं, अशी ती लिपी. तुर्की ज्याला मातृभाषा म्हणून येते त्या गरिबाच्या पोरालाही ती वाचायला वर्षं घालवावी लागायची.

लेख मोडला. तरी पूर्ण मोडला नाही, कारण त्यानंतर मावशीने दुसरं जे सांगितलं त्याने गाडी निराळ्याच रुळावर गेली. तिच्या आईने त्या शाळेत नुसती लिपी शिकली नव्हती. ती तुर्की शिकली होती.

---

मावशीची आई क्रीट बेटावरची. मुसलमान, आणि घरात बोलायची ग्रीक. क्रीटच्या मुसलमानांची हीच बोली होती. 1923 च्या 30 जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये तुर्की आणि ग्रीक प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या: आनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, ग्रीक चर्चच्या लोकांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात यायचं. सक्तीने. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. सुमारे 12 लाख माणसं तिकडे गेली, त्यांतली कितीतरी आधीच जीव घेऊन पळाली होती, आणि 4 लाखांच्या आसपास इकडे आली. कुणी कुठे जायचं हे ठरवताना तुमची भाषा कुणी विचारली नाही. धर्म विचारला. कारामानली म्हणून ख्रिस्ती लोक होते, आनातोलियाच्या मधोमध राहणारे. ते तुर्कीच बोलायचे, तुर्कीतच प्रार्थना करायचे, फक्त ती ग्रीक अक्षरांत लिहायचे. त्यांना जहाजात घालून 'मायदेशी' पाठवलं, जिथली भाषा त्यांना कळत नव्हती. आणि ग्रीक बोलणारी अकरा वर्षांची एक मुलगी आयवालिकजवळच्या जुंदा बेटावर उतरली, तिला सांगण्यात आलं की आता तू तुर्क.

इथे मला भाषेतल्या एका गमतीने, खरं तर गमतीने नव्हे, धरून ठेवलं. तुर्कीत राष्ट्राला 'मिल्लेत' म्हणतात. उस्मानी काळात मिल्लेत म्हणजे धर्मपंथ. ग्रीक चर्चवाले एक मिल्लेत, आर्मेनियन एक मिल्लेत, यहुदी एक मिल्लेत, प्रत्येकाचा वडीलधारा धर्मगुरू, प्रत्येकाची आपापली न्यायाची जागा. समानता नव्हती, मुसलमान वरचा हे ठरलेलं होतं, पण जागा होती. राष्ट्र घडवताना शब्द तोच ठेवला आणि अर्थ बदलला. आता एकच मिल्लेत. आतून मात्र जुन्या अर्थाचं हाड तसंच राहिलं: तुर्क कोण, तर मुसलमान असेल तो. लोझानला माणसं वाटली ती ह्या हाडावरून.

असे शब्द मी आठ दिवस गोळा करत होते. 'देव्लेत' म्हणजे राज्यसंस्था, सरकार. आपली दौलत. आपण ती पैशापुरती ठेवली, पण पेशवाईच्या पत्रांत दौलत म्हणजे राज्यच असतं. 'देफ्तेर' म्हणजे वही. तुर्की मुलगा दप्तरात देफ्तेर घालून शाळेत जातो, आणि देफ्तेरदार हा उस्मानी खजिन्याचा मुख्य. आपल्याकडे दफ्तरदार आडनाव होऊन बसलंय. 'तहसिल' म्हणजे शिक्षण. आजोबांनी आयुष्य तहसिलीत काढलं, हे वाक्य तुर्की कानाला फार भारदस्त वाटेल. आणि 'वतन'. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, पिढीजात हक्क, ज्याच्यापायी भाऊ भावाचा गळा कापायचे. उस्मानी भाषेतही आधी वतन म्हणजे आपलं गाव, जन्माची जागा. 1873 मध्ये नामिक केमाल नावाच्या लेखकाने नाटकातून 'वतन' ह्या शब्दासाठी माणसं रंगमंचावर मरायला उभी केली. प्रेक्षक घोषणा देत रस्त्यावर आले आणि सरकारने नाटककाराला सायप्रसला हद्दपार केलं. सुलतानासाठी मरणं ठीक होतं. मातीसाठी मरायची भाषा सुलतानाला परवडणारी नव्हती. पुढे त्याच शब्दाला शेपूट लावून 'वतनदाश' झाला, एका वतनाचे वाटेकरी, म्हणजे नागरिक. आणि 1928 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी इस्तंबूलभर मोहीम काढली: वतनदाश, तुर्की बोल!

जुंदा बेटावर मावशीच्या आजीने तेव्हापासून बाजारात तोंड उघडणं बंद केलं. घरी ती ग्रीकच बोलायची. मावशीला आजीचं एक अंगाईगीत अजून येतं. तिने ते म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर खांदे उडवले. दुपारी दगडाची अक्षरं तिला वाचता येत नव्हती पण शब्द कळत होते. ह्या गाण्याचे शब्द पाठ होते, पण कळत नव्हते.

जे गेले त्यांच्यात असेही होते ज्यांना कुठलंच जहाज मिळालं नाही. 1915 च्या वसंतापासून आर्मेनियन प्रजेला घरांतून उठवून, मारत, उपाशी ठेवत सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं गेलं. मृतांचे अंदाज 6 लाखांपासून 15 लाखांपर्यंत जातात. बहुतेक इतिहासकार त्याला वंशसंहार म्हणतात, तुर्की सरकार म्हणत नाही. हे साम्राज्याने केलं की साम्राज्याच्या पोटात वाढणाऱ्या राष्ट्राने, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मावशीच्या स्वयंपाकघरात मी हा विषय काढला तेव्हा नात गप्प झाली आणि मावशीने चहाचे पेले उचलले. मी पुन्हा काढला नाही. माझ्या भित्रेपणाची ही नोंद.

---

दुसऱ्या दिवशी नात मला बेयाझितला तिच्या विद्यापीठाच्या दारापर्यंत घेऊन गेली. किल्ल्याच्या वेशीसारखं प्रचंड दार, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. खाली रोमन अक्षरांत इस्तंबूल विद्यापीठ, आणि वर सोनेरी अरबी अक्षरांत मोठी ओळ. "ही रोज माझ्या डोक्यावर असते," ती म्हणाली, "वाचा." वाचली: 'दायरे-इ उमूर-इ अस्केरिय्ये'. दायरा आणि उमूर हे शब्द आजोबांच्या कागदांत ढिगाने आहेत. लष्करी कामकाजाचं खातं. म्हणजे हे युद्धमंत्रालयाचं दार. पोरगी तीन वर्षं युद्धमंत्रालयात शिकत होती आणि तिला पत्ता नव्हता.

1927 मध्ये प्रजासत्ताकाने सरकारी इमारतींवरच्या सुलतानांच्या तुघ्रा, म्हणजे राजमुद्रा, काढायचा किंवा झाकायचा कायदा केला. पुढच्याच वर्षी लिपी बदलल्यावर झाकायची तितकीशी गरजही उरली नाही. पण कागदांचं काय? 1931 मध्ये अर्थखात्याने इस्तंबूलमधले उस्मानी दप्तराचे गठ्ठे एका बल्गेरियन कागद कारखान्याला विकले. रद्दीच्या भावाने. गठ्ठे गाडीत भरले जाताना वाटेवर कागद सांडले, काही जाणत्यांनी ते उचलले आणि मुअल्लिम जेव्देतसारख्या अभ्यासकाने हाकाटी केली, पण गाडी निघून गेली होती. बल्गेरियातल्या कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही रद्दी नाही, आणि ते कागद लगद्यात न जाता सोफियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले. आज तुर्की अभ्यासक आपल्याच हिशेबवह्या बघायला तिथे जातात. ज्यांच्या जोखडातून बल्गेरिया सुटला त्यांचं दप्तर बल्गेरियाने सांभाळलं.

एकदा कात्री हातात आली की ती थांबत नाही. लिपीनंतर शब्द. 1932 मध्ये भाषामंडळ स्थापन झालं आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढायला सुरुवात झाली. शाळेचा 'मेक्तेब' जाऊन 'ओकुल', शिक्षकाचा 'मुअल्लिम' जाऊन 'ओरेत्मेन'. अजानसुद्धा 1932 ते 1950 तुर्कीतून झाली. ह्यातली विनोदी शिक्षा खुद्द केमाल पाशांनाच भोगावी लागली. 1927 च्या ऑक्टोबरात त्यांनी 6 दिवस मिळून 36 तास भाषण करून स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत सांगितली होती. ते भाषण म्हणजे प्रजासत्ताकाची पोथी. पण ते उस्मानी वळणाच्या तुर्कीत होतं, आणि भाषा इतक्या वेगाने बदलली की दोन पिढ्यांत ती पोथी तुर्कीतून तुर्कीत भाषांतर करून द्यावी लागली. राष्ट्रपित्याचा आवाज नातवंडांना कळेना. आम्ही ज्ञानेश्वरी अर्थासकट वाचतो, पण ती सातशे वर्षांपूर्वीची आहे हो.

जुनं शिकवा म्हणणारेही आता सत्तेत आहेत. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी सांगितलं की उस्मानी भाषा शाळांत शिकवली जाईल, कुणाला आवडो न आवडो, आणि त्या वादात ह्याच कबरींच्या दगडांचा हवाला दिला गेला. नातीला ह्या सगळ्याचा वैताग आहे. "आधी एकांनी हुकूम सोडला की विसरा, आता दुसरे हुकूम सोडतात की आठवा," ती म्हणाली. "आणि दोघंही फळ्यापाशी आम्हालाच उभं करतात."

पण तीही गुपचूप शोधत होतीच. 2018 च्या फेब्रुवारीत तुर्की सरकारने 'ए-देव्लेत' ह्या आपल्या संकेतस्थळावर वंशावळ बघायची सोय केली. ई-दौलत म्हणा ना. लोकांची अशी झुंबड उडाली की यंत्रणा कोलमडली आणि काही दिवस ती बंदच ठेवावी लागली. शंभर वर्षं ज्यांना एकच मिल्लेत म्हणून सांगितलं, ते सगळे मध्यरात्री बसून बघत होते की आपली खापरपणजी कुठली. नातीला जॉर्जियातला एक पूर्वज सापडला, ज्याबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. मला हसू आलं नाही, कारण 2023 मध्ये आमच्या मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निजामाची दप्तरं उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं मिळवायला धावाधाव झाली होती. माझ्या भावाने मला फोन करून विचारलं होतं, "तुला ते आजोबांचं थोडंफार येतं ना गं?"

---

आता उस्मानाबाद आणि इस्तंबूलचा तो राहिलेला संबंध.

1 नोव्हेंबर 1922 ला अंकाराच्या मेज्लिसने, म्हणजे संसदेने, सल्तनत रद्द केली. शेवटचा सुलतान वाहदेत्तिन ब्रिटिश युद्धनौकेवर चढून गेला. त्याचा चुलतभाऊ अब्दुलमजीद ह्याला खलिफा म्हणून ठेवलं, राज्याविना. चित्रं काढणारा, पियानो-व्हायोलिन ऐकणारा सुसंस्कृत गृहस्थ. त्याचं पद टिकावं म्हणून हिंदुस्थानात आकाशपाताळ एक चाललं होतं. खिलाफत समितीचं ठाणं मुंबईत होतं, भायखळ्याचं खिलाफत हाऊस अजून उभं आहे. गांधीजी त्या चळवळीत उतरले होते, बायकांनी दागिने काढून दिले होते. अंकाराला पाठवलेल्या त्या पैशांतून उरलेली रक्कम केमाल पाशांनी 1924 मध्ये इश बँकेच्या भांडवलात घातली. खिलाफत वाचवायला दिलेल्या बांगड्यांची बँक झाली, आणि बँक उत्तम चालली. उलट खिलाफतीच्या बाजूने आगाखान आणि अमीर अली ह्यांनी लंडनहून लिहिलेलं पत्र 1923 अखेर इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि परक्यांची लुडबुड म्हणून अंकाराचं डोकं आणखीच फिरलं. 3 मार्च 1924 ला खिलाफत रद्द. त्याच रात्री दोल्माबाह्चे राजवाड्याला पोलिसांचा गराडा पडला. गर्दी जमू नये म्हणून खलिफाला शहरातल्या स्टेशनावर नेलंच नाही. मोटारीने दूर चाताल्जाला नेऊन तिथे गाडीत बसवलं.

खलिफाच्या सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी होती, दुर्रुशेहवार. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीसला ती वाढली. निजाम तिच्या वडिलांना दरमहा 300 पौंड पाठवायचा. 1931 मध्ये ती निजामाच्या थोरल्या मुलाची बायको होऊन हैदराबादला आली. म्हणजे कळंबच्या कचेरीत आजोबा ज्या सरकारचे कागद लिहीत होते, त्या सरकारच्या घरात उस्कुदारमध्ये जन्मलेली खलिफाची मुलगी सून होती. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. 1924 मध्ये गेलेलं आणि 1948 मध्ये गेलेलं, दोन्ही राज्यं त्या एका बाईने गमावलेली पाहिली. 2006 मध्ये ती लंडनला वारली. तिचा मुलगा मुकर्रम जाह 2023 च्या जानेवारीत वारला तो इस्तंबूलमध्ये, आणि त्याला पुरायला हैदराबादला आणलं.

आणि खुद्द खलिफा? निजामाने त्याच्यासाठी खुलताबादेत मकबरा बांधला. वेरूळच्या वर, औरंगजेबाच्या कबरीच्या गावात. 1944 च्या ऑगस्टमध्ये अब्दुलमजीद पॅरिसमध्ये वारला. तुर्की सरकारने त्याला मातीतही येऊ दिलं नाही. दहा वर्षं त्याचं शव पॅरिसच्या मशिदीत ठेवून होतं. हैदराबाद तोवर संपलं होतं, त्याला आणणार कोण? 1954 मध्ये मदिनेत दफन झालं. मकबरा तसाच. खुलताबादला आम्ही भद्रा मारुतीच्या दर्शनाला लहानपणापासून जातो, पण तिकडे कधी वळलो नव्हतो. इस्तंबूलहून आल्यावर मुद्दाम गेले. कुणी फारसं फिरकत नाही. वाट विचारली तर एक म्हातारा म्हणाला, "ते रिकामं? त्यात कोनीच न्हाई, ताई." मग थांबून त्यानेच विचारलं, "कोन येनार व्हता म्हने?"

मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि शेळ्या पुढे हाकल्या.

परत आल्यावर भावाकडून आजोबांची पत्र्याची ट्रंक मागवून घेतली. अर्जांच्या नकला, पावत्या, कुठल्याशा बांधाच्या भांडणाचा पंचनामा. बहुतेक कागद पुढच्या पिढीला लागतील म्हणून कापडात गुंडाळलेले. मी रोज रात्री एक कागद लावते. 'वतन' येतं, 'दफ्तर' येतं, 'सन' येतं, आणि प्रत्येक वेळी मावशीचा उच्चार कानात येतो. परवा आजोबांच्याही वडिलांच्या नावाची सारावसुलीची एक पावती निघाली. मजकूर बऱ्यापैकी लागला. शेवटच्या ओळीत स्वच्छ नस्तालिकमध्ये एकच शब्द होता, बाकी. त्याच्यापुढे आकडा होता, पण तो साध्या आकड्यांत नव्हता. जुन्या हिशेबनिसांची ती वळणदार रकमी चिन्हं, सियाक म्हणतात ती. ती आजोबांनी मला शिकवली नव्हती.

फोटो काढून नातीला पाठवला. तिचं उत्तर आलं, त्यांच्या दप्तरखान्यातही हिशेबाची हीच लिपी आहे आणि तिच्या विभागात ती वाचणारे एकच म्हातारे प्राध्यापक आहेत. सोमवारी विचारते म्हणाली.